बापाने रजा घेऊन करायचं काय?

दूध आई पाजणार, अंघोळ घालायला मावशी येणार, रात्री बाळ रडलं तर आजी उठणार. मग बापाने रजा टाकून घरी करायचं काय? बारशाला जमलेल्या मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. विचारणारे मनाने वाईट नसतात. आपल्या घरात जे पाहिलं त्यावरून ते विचारतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या वडिलांनी मूल पहिल्यांदा पाहिलं ते थेट बारशाला, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन.

उत्तराकडे जाण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात: ही रजा असते कशासाठी, आणि तिचे पैसे कोण भरतं. माझं मत मात्र आधीच सांगून टाकतो. बापाच्या नावाने वेगळी काढून ठेवलेली पगारी रजा आईची नोकरी टिकवते आणि मुलाला सांभाळणारा दुसरा माणूस तयार करते. हे दोन्ही एकदम साधणारा याहून सरळ उपाय मला तरी माहीत नाही.

१. एका नावाखाली तीन रजा

'डिलिव्हरीची रजा' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका नावाखाली तीन निराळ्या रजा आहेत.

पहिली प्रसूती रजा. ती मुख्यतः आईच्या शरीरासाठी. टाके ओले असतात, अंगातलं रक्त कमी झालेलं असतं, दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं. म्हणून बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला कायद्याने मनाईच केली आहे. तिने स्वतःहून 'येते' म्हटलं तरीही.

दुसरी पितृत्व रजा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील, तर १५ दिवसांची पूर्ण पगारी रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला असा कायदेशीर हक्क नाही. कंपनीने दिली तर दिली. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत याबद्दल खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी आणि असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही पगारी रजा मिळावी, असा त्याचा गाभा होता. त्याचा कायदा झाला नाही.

तिसरी बालसंगोपन रजा. ही फारशी कुणाला ठाऊक नसते, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ही रजा २००८ पासून मिळते: संपूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवस, पहिल्या दोन मुलांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत केव्हाही. दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. म्हणजे पगार ६०,००० असेल तर पहिलं वर्ष ६०,००० आणि दुसरं वर्ष महिन्याला ४८,०००. मुलाला कावीळ झाली, दहावीचं वर्ष आलं, सोळाव्या वर्षी मुलगी गप्पगप्प राहू लागली, तर आईला घरी थांबता येतं. महाराष्ट्र शासनानेही २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली.

मूल वाढवणं बाळंतपणापाशी संपत नाही, हे सरकारने या रजेत लेखी मान्य केलं. पण हे काम बाईचंच, हेही त्याच कागदावर लिहिलं गेलं. केंद्रात ही रजा पुरुषाला मिळते ती तो एकटा पालक असेल तर. राज्यात पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. दोन धडधाकट पालकांच्या घरात मुलाचा ताप बापाने बघायचा, ही शक्यता नियम लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलेली नाही.

२. २६ आठवडे कुठून आले, आणि कसे सरतात

बाळंतपणात पगार मिळावा ही मागणी मुंबईच्या गिरण्यांतून पुढे आली. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यासाठी विधेयक मांडलं, ते पडलं. मग मुंबई प्रांतात विधेयक आलं. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला आणि देशातला तो अशा प्रकारचा पहिला ठरला. संपूर्ण देशासाठी कायदा यायला १९६१ साल उजाडलं. त्यात १२ आठवडे होते, ते २०१७ मध्ये २६ झाले. तिसऱ्या मुलापासून पुढे मात्र १२ आठवडेच. सामाजिक सुरक्षा संहितेतही आठवड्यांचा हिशोब तोच आहे.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. इथे एक साधं गणित आहे, आणि पहिलटकरणीला ते कुणीतरी आधीच सांगायला हवं. समजा डॉक्टरांनी १ ऑक्टोबर ही तारीख दिली. बाईने पूर्ण आठ आठवडे आधी, म्हणजे ६ ऑगस्टपासून रजा घेतली, तर ती ४ फेब्रुवारीला कामावर परत जाते. तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. २३ सप्टेंबरपर्यंत ती काम करत राहिली, तर परत जायची तारीख २५ मार्च आणि बाळ जवळजवळ सहा महिन्यांचं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं, असं डॉक्टर सांगतात. म्हणूनच इतक्या बायका नवव्या महिन्यात सुजलेल्या पायांनी लोकल पकडताना दिसतात. पोटात असतानाचा एकेक दिवस त्या बाळ बाहेर आल्यानंतरसाठी वाचवत असतात.

या सहा महिन्यांत काय काय होतं ते आठवून पाहा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी. त्या प्रत्येक लशीनंतरची तापाची रात्र. मान धरणं, पालथं पडणं, आवाजाकडे वळून बघणं. कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दोनदा पाजायला सुट्टी दिली आहे, आणि ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करायला सांगितलं आहे. पाळणाघर जवळ नसेल तर त्या दोन सुट्ट्यांचा उपयोग शून्य. विरारहून चर्चगेटला येणारी बाई दुपारी पाजायला घरी जाऊ शकत नाही.

३. पैसे कोण भरतं?

आता खरा कळीचा मुद्दा. सहा महिने काम न करता पगार मिळतो, तो येतो कुठून?

दोन वाटा आहेत. पहिली समजायला आपली भिशी उपयोगी पडते. वीस जणी दर महिन्याला थोडे थोडे पैसे टाकतात, आणि ज्या महिन्यात जिची वेळ येते तिला सगळी रक्कम एकदम मिळते. कुणा एकीच्या नवऱ्यावर किंवा एका घरावर तो भार पडत नाही. कर्मचारी राज्य विमा योजना, जिला कामगार 'ईएसआय' म्हणतात, तीही अशीच चालते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो.

१८,००० रुपये पगाराची एक पॅकिंग करणारी कामगार घेऊ. तिचे १३५ आणि मालकाचे ५८५, असे दरमहा ७२० रुपये जमा होतात. तिचा दिवसाचा पगार साधारण ६०० धरला, तर १८२ दिवसांचे १,०९,२०० रुपये होतात. हे पैसे तिला महामंडळाकडून मिळतात. तिच्यासारख्या तेरा कामगारांचा वर्षभराचा हप्ता मिळून १,१२,३२० होतो. म्हणजे एका बाळंतपणाचा खर्च तेरा जणांच्या एका वर्षाच्या हप्त्यात निघतो. त्याच निधीतून दवाखान्याचाही खर्च चालतो, त्यामुळे खरं गणित याहून मोठ्या घोळक्याचं आहे. पण तत्त्व हेच: हप्ता सगळे भरतात, पुरुषही भरतात.

दुसरी वाट त्यांची, ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे. तिथे घोळका नाही. सगळा पगार त्या एकाच मालकाने द्यायचा. बारा माणसांचं ऑफिस, त्यात ४०,००० पगाराची एक अकाउंटंट. सहा महिन्यांचे सुमारे २,४०,००० रुपये तिला, आणि तेवढेच, कदाचित जास्त, तिच्या जागी घेतलेल्या माणसाला. मोठ्या कंपनीला हे जाणवत नाही, छोट्याला जाणवतं. मग तो मालक पुढच्या मुलाखतीत समोरच्या मुलीला विचारतो, "लग्न झालंय का? पुढचा काय विचार आहे?" आणि नोकरी मुलाला देतो.

कायदा चांगल्या हेतूने झाला, यात शंका नाही. २६ आठवडे कमी करा, असंही मी म्हणणार नाही. पण मूल सगळ्या समाजाचं आणि बिल एकट्या मालकाचं, ही रचना बाईच्याच अंगावर उलटते. आंबेडकरांनी १९२८ मध्ये देशहिताचा मुद्दा मांडला होता. तो खरा मानायचा तर या पैशांत देशाचाही वाटा हवा.

४. पहिल्या मुलानंतर वाट फुटते

अमेरिकेच्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी स्त्रियांच्या कमाईचा इतिहास मांडला. श्रीमंत देशांत आज स्त्री-पुरुषांच्या पगारातली बरीचशी तफावत पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होते, असं त्यांच्या कामातून दिसतं. शिक्षण सारखं, पहिली नोकरी सारखी, पगारही सारखा. मग मूल होतं, आणि दोघांच्या वाटा फुटतात.

कारण सरळ आहे. शाळेतून "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन आल्यावर कुणीतरी एकाने उठून जायचं असतं. सहा महिने घरी राहून आई त्या कामात तरबेज झालेली असते. बाळाला कोणत्या कुशीवर झोप लागते, औषधाचा थेंब जिभेवर कुठे टाकला की ते थुंकत नाही, हे तिला ठाऊक असतं. बापाला नसतं. म्हणून दर वेळी ती जाते. ती जाते म्हणून बाप शिकत नाही, आणि तो शिकत नाही म्हणून पुढच्या वेळीही तीच जाते. चार वर्षांनी बढती कुणाला मिळणार, हे त्या सहा महिन्यांतच ठरून गेलेलं असतं.

५. स्वीडनने काय केलं

१९७४ मध्ये स्वीडनने फक्त आईला मिळणारी रजा बंद केली आणि 'पालक रजा' सुरू केली. आई-बापाने आपसांत हवी तशी वाटून घ्यायची. तसा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. १९७० च्या दशकात सरकारने जाहिरातीही केल्या. एका प्रसिद्ध पोस्टरवर लेनार्ट डालग्रेन हा धिप्पाड वेटलिफ्टर इवलंसं बाळ उचलून हसतो आहे. तरीही बापांनी सुरुवातीला एकूण दिवसांपैकी जेमतेम अर्धा टक्का दिवस घेतले. हक्क दोघांचा होता, पण जिचा पगार कमी तिने घरी थांबायचं, आणि साहेबासमोर रजेचा अर्ज ठेवायला बापाला संकोच.

मग नॉर्वेने १९९३ मध्ये एक बारीक बदल केला. चार आठवडे बापासाठी राखून ठेवले. त्याने घेतले तर घेतले, नाही तर बुडाले. आईच्या नावे करता येणार नाहीत. त्याआधी तिथे शंभरात चार बापही रजा घेत नव्हते. काही वर्षांत बहुतेक बाप घेऊ लागले. स्वीडनने १९९५ मध्ये तसाच एक महिना राखला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००६ मध्ये बापांसाठी पाच आठवडे राखले आणि पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक बाप घरी थांबले.

माणसं तीच, घरं तीच. रजेवर बापाचं नाव घातल्यावर फरक पडला. साहेबासमोर "मला घरी राहायचंय" म्हणणं अवघड असतं. "माझे दिवस बुडतील" म्हणणं सोपं असतं. घरात सासूसमोरही तेच.

आज स्वीडनमध्ये एका मुलामागे ४८० दिवस मिळतात. त्यांतल्या ३९० दिवसांना पगाराच्या सुमारे ८० टक्के रक्कम, ठराविक कमाल मर्यादेपर्यंत. प्रत्येक पालकाचे ९० दिवस राखीव. काही दिवस मूल १२ वर्षांचं होईपर्यंत शिल्लक ठेवता येतात. पैसे मालक देत नाही, सरकारी विमा संस्था देते. सगळे मालक पगारामागे तिथे हप्ता भरतात. तिसऱ्या भागातली भिशीच, देशभराची. बापांचा वाटा आता दर दहा दिवसांतले तीन इतका आहे. पन्नास वर्षांनंतरही निम्म्यावर पोचलेला नाही, हेही ध्यानात ठेवावं.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट तिथे जुलै २०२४ मध्ये झाली. प्रत्येक पालकाला आपले ४५ दिवसांपर्यंतचे पैसे दुसऱ्या कुणाला, अगदी आजी-आजोबांनाही, देता येऊ लागले. आपल्याकडे आजी हे काम पिढ्यान् पिढ्या करत आली आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर त्याचं वेळापत्रकच असतं: आधी मुलीची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत मेतकूट, अळीव आणि डिंक घेऊन, ती परतली की मुलाची आई. तिथल्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात १२ आठवड्यांची रजा आहे, पण बिनपगारी, आणि तीही ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी पगारी रजा आणली. बाकीच्यांची रजा आपल्या आज्या भरून काढत आहेत.

६. "माझ्यावाचून काम अडेल"

बापांकडून हे कारण सर्वांत जास्त ऐकू येतं, म्हणून एक ठळक उदाहरण. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडच्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, आणि कर्णधार विराट कोहली आधी ठरल्याप्रमाणे पहिल्या मुलाच्या जन्मासाठी घरी परतला. टीका पुष्कळ झाली. मुंबईच्या अजिंक्य रहाणेने संघ हाती घेतला आणि भारताने मालिका २-१ ने जिंकली. त्या रहाणेची मुलगी ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मली तेव्हा तो स्वतः विशाखापट्टणमला कसोटी खेळत होता. भारताच्या कर्णधाराची जागा भरता येते, तर बँकेच्या शाखेतल्या अधिकाऱ्याची पंधरा दिवस भरता येईल. त्यासाठी आधी सांगावं लागतं, आणि काम दुसऱ्याला समजावून द्यावं लागतं.

७. ज्यांना रजाच नाही

इथवरचं सगळं पगारपत्रक असलेल्यांचं झालं. बीडची ऊसतोड जोडी घ्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल हंगामाआधीच घेतलेली असते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो. तिथे बाळंतपणही खाड्यातच मोडतं. बाळ पाचटाच्या कोपीत किंवा फडाच्या बांधावर झोळीत, आणि त्याला सांभाळायला सहा-सात वर्षांची बहीण. तिची शाळा बुडते ती यासाठी.

सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं, की मस्टरवर रोजंदारी करणाऱ्या बायकांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे. पण त्यासाठी मस्टर तरी हवं. घरकाम करणारी, शेतमजुरी करणारी, ऊस तोडणारी बाई कुठल्याच मस्टरवर नसते. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्या ५,००० ला १८२ दिवसांनी भागून पाहा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये येतात. कारखान्यातल्या बाईला जो विसावा कायदा ६०० रुपये रोजाने देतो, तोच विसावा हिने साडेसत्तावीस रुपयांत घ्यायचा. कुणीही बाई तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कोयता हाती घेईल. हप्ता भरणाऱ्यांचा घोळका साखर कारखाने आणि सरकार मिळून उभा करू शकतात. टनामागे थोडी रक्कम बाजूला काढली तरी सुरुवात होईल. हे माझं मत आहे, आणि ते मी आग्रहाने मांडतो.

८. पंधरा दिवस कधी घ्यावेत

आता पहिला प्रश्न. मिळाली रजा, तर बापाने करायचं काय?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाप पुण्याला, बाळ सांगलीला. बाप बाळंतपणाच्या दिवसापासून पंधरा दिवस रजा टाकतो आणि सासुरवाडीच्या दिवाणखान्यात पाहुणा होऊन बसतो. बाळंतिणीची खोली तिची आई आणि मालिशवाली चालवतात. शेक, धुरी, खीर सगळं वेळच्या वेळी होतं. त्याला चहा मिळतो आणि बाळ दिवसातून दोनदा मांडीवर मिळतं. पंधरा दिवस संपतात. "करायचं काय?" हा प्रश्न अशाच अनुभवांतून जन्मलेला आहे.

नियम मात्र लवचिक आहे. केंद्राची पितृत्व रजा बाळंतपणाआधी १५ दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येते. सिझेरियन झालं असेल, घरात दुसरं कुणी नसेल, तर रजा ताबडतोब घ्यावी, यात दुमत नाही. पण माहेरी सगळी सोय असेल, तर थांबावं.

पुन्हा १ ऑक्टोबरला जन्मलेलं बाळ घेऊ. आई केंद्र सरकारी नोकरीत आहे, तिची रजा १८० दिवसांची. २४ सप्टेंबरला सुरू झालेली रजा २२ मार्चला संपते आणि २३ ला ती कामावर जाते. बापाने १७ ते ३१ मार्च रजा घेतली, तर पहिले सहा दिवस ती घरात असताना तो तिच्या हाताखाली शिकतो. नंतरचे नऊ दिवस बाळ आणि तो, दोघेच.

तेव्हा करायचं काय, हे विचारावं लागत नाही. काढून ठेवलेलं दूध वाटीत घ्यायचं, ती वाटी गरम पाण्यात ठेवून दूध कोमट करायचं, चमच्याने थोडं थोडं पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत पाठ थोपटायची. अर्धं दूध लाळेऱ्यावर सांडतं, मग लाळेरं बदलायचं, आणि तेवढ्यात शी झालेली असते. दुपारी ते रडतं. पहिल्या दिवशी भुकेचं, झोपेचं आणि नुसतं कंटाळ्याचं रडणं सारखंच ऐकू येतं. पाचव्या दिवशी वेगवेगळं ऐकू येतं. संध्याकाळी आई दमून घरी येते तेव्हा "आज दोनदा झोपलं, दुपारी थोडं अंग गरम वाटलं" हे तिला सांगणारा माणूस घरात असतो. शाळेतून पहिला फोन येईल तेव्हा उठून जाऊ शकेल असा दुसरा माणूस या नऊ दिवसांत तयार होऊ लागतो.

खासगी नोकरीत असाल तर नेमणूकपत्राबरोबर मिळालेली रजेची नियमावली काढून वाचा. पुष्कळ कंपन्यांनी पितृत्व रजा ठेवलेली असते आणि ती न मागितल्याने पडून राहते. काहीच नसेल तर वार्षिक रजेतले दिवस आतापासून वाचवा. अर्ज दोन महिने आधी द्या, तारखा स्पष्ट लिहा, आपलं काम कोण बघणार त्याचं नाव त्यातच घाला. बाळंतपणानंतर दवाखान्याचा दाखला किंवा जन्मदाखल्याची प्रत जोडावी लागते, ती वेळेत मिळवा. सरकारी रजेबाबत एवढं लक्षात ठेवा: सहा महिने उलटले की ती बुडते, खात्यावर शिल्लक राहत नाही, आणि नंतर कितीही अर्ज केले तरी मिळत नाही.